वय काढू नकोस, वय निघतं का ते बघ

पत्र: "नमस्कार सर. मी शिंदखेडा तालुक्यातली. बी.एस्सी. झाल्यापासून धुळ्यात खोली घेऊन राहते आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करते. वयांवरची गणितं मला येतात. पण तीच गणितं 'दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का' अशी विचारली की घोळ होतो. एक तर एकेका प्रश्नाला तीन-चार मिनिटं जातात, नाही तर उत्तर चुकतं. क्लासमध्ये सांगतात, अज्ञात मोजा, समीकरणं मोजा, जुळली की 'दोन्ही मिळून पुरेशी' ठोकून पुढे व्हा. तसं करूनही मागच्या सराव परीक्षेत यातले निम्म्याहून जास्त चुकले. त्यातला एक खाली देते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले तर वडील म्हणाले, 'इतलं शिकनी, तरी वयना आकडा चुकस कसा?' त्यांना काय सांगू? आणि हे प्रश्न सोडूनच देऊ का?

प्रश्न: वडिलांचं आजचं वय किती?
विधान १: वडील मुलापेक्षा २८ वर्षांनी मोठे आहेत.
विधान २: वडिलांचं ५ वर्षांपूर्वीचं वय मुलाच्या ४ वर्षांनंतरच्या वयापेक्षा १९ ने जास्त आहे."

उत्तर:

वडिलांना सांग, आकडा चुकत नाही. जिथे आकडा काढायचाच नसतो तिथे तू तो काढत बसतेस, वेळ संपत येतो आणि घाईत भलत्याच पर्यायावर बोट पडतं. निदान तुझ्या पत्रावरून मला तरी असंच दिसतंय.

तू पाठवलेलं गणितच घेऊ. अज्ञात दोन, विधानं दोन. क्लासच्या नियमाप्रमाणे तू 'दोन्ही मिळून पुरेशी' ठोकलं असणार. आता मुलगा १० वर्षांचा धर, वडील ३८ चे. ५ वर्षांपूर्वी वडील ३३, ४ वर्षांनी मुलगा १४, फरक १९. जुळलं. मग मुलगा २० चा धर, वडील ४८ चे. ४३ वजा २४, पुन्हा १९. तेही जुळलं! मुलगा कितीही वर्षांचा धर, जुळतच राहणार. कारण दुसरं विधान म्हणजे पहिलंच विधान, नुसता सदरा बदलून आलेलं. २८ मधून ५ आणि ४ गेले की १९ उरतात. तेव्हा उत्तर 'दोन्ही मिळूनही अपुरी'. समीकरणं मोजायला सांगणारा नियम अगदीच खोटा नाही, पण कागदावर दोन दिसणारी समीकरणं खरोखर दोन आहेत का, एवढं तो विचारत नाही. आणि पेपर काढणाऱ्याला तो नियम तुझ्या क्लासइतकाच पाठ असतो.

त्यापेक्षा मी सांगतो तसं बघ. दोन माणसांच्या वयांबद्दल विधान आलं की ते बहुतेक वेळा तीनपैकी एका जातीचं असतं: फरक, बेरीज किंवा गुणोत्तर. फरक आयुष्यभर तोच राहतो. दहा वर्षांपूर्वीचा सांगा नाही तर वीस वर्षांनंतरचा, नवी माहिती शून्य. बेरीज दर वर्षी २ ने वाढते, म्हणून आजची बेरीज आणि ६ वर्षांनंतरची बेरीज या दोन गोष्टी नव्हेत, दुसरीत १२ जास्त एवढंच. सरासरी म्हणजे बेरीजच. गुणोत्तर मात्र दर वर्षी बदलतं (जुळी असतील तर सोडून दे), म्हणून दोन वेगवेगळ्या वेळची दोन गुणोत्तरं दिली तर तेवढ्यावर काम भागतं. बाप आज लेकाच्या तिप्पट आणि १० वर्षांनी दुप्पट, एवढं सांगितलं की लेक १० चा आणि बाप ३० चा ठरलाच. थोडक्यात, दोन वेगळ्या जातीची विधानं आली तर वय निघतं; एकाच जातीची दोन आली तर फक्त गुणोत्तरांच्या बाबतीत निघतं, तेही वेळ वेगळी असेल तरच.

हे एकदा डोळ्यांत बसलं की पेन उचलावं लागत नाही. आई मुलीपेक्षा २४ वर्षांनी मोठी, हे पहिलं विधान. ६ वर्षांनी आई मुलीच्या दुप्पट वयाची होईल, हे दुसरं. एक फरक, एक गुणोत्तर. संपलं, दोन्ही मिळून पुरेशी, पुढचा प्रश्न. आई ४२ ची आणि मुलगी १८ ची निघते, पण ते मी घरी बसून काढलं. परीक्षेत तू काढायचं नाही. तुझी तीन-चार मिनिटं जातात ती नेमकी इथे. उत्तर येईपर्यंत तुला चैन पडत नाही, आणि ती सवय दहावीपासूनची आहे, एका आठवड्यात जाणार नाही.

दुसरी गोष्ट, विचारलंय काय ते नीट वाच. 'दोघा भावांच्या वयात किती फरक आहे?' विधान १: ८ वर्षांनी दोघांच्या वयांची बेरीज ६० होईल. विधान २: १० वर्षांपूर्वी थोरला धाकट्यापेक्षा ६ वर्षांनी मोठा होता. हुशार मुलं इथे हटकून 'दोन्ही मिळून' म्हणतात, कारण दोन्ही मिळून दोघांची वयं निघतात: २५ आणि १९. पण वयं मागितली कुणी? फरक मागितलाय आणि तो दुसऱ्या विधानात ६ म्हणून लिहूनच ठेवलाय. एकटं विधान २ पुरेसं.

याच्या उलटही होतं. 'आजीचं वय ६० पेक्षा जास्त आणि ७० पेक्षा कमी आहे, वयं पूर्ण वर्षांत धरा. आजीचं वय किती?' विधान १: आजीचं वय नातवाच्या वयाच्या ७ पट आहे. विधान २: नातू ९ वर्षांचा आहे. ९ गुणिले ७ बरोबर ६३, दोन्ही मिळून पुरेशी, असं वाटतं. पण ६० आणि ७० यांच्या मध्ये ७ च्या पाढ्यातली संख्या एकच, ६३. विधान १ एकट्यानेच भागलं! मूळ प्रश्नातली मर्यादा म्हणजे न मागता मिळालेलं तिसरं विधान, आणि मुलं नेमकी तीच ओळ घाईत ओलांडतात. आता त्याच प्रश्नात ६० च्या जागी ५५ घाल. ५६ आणि ६३ असे दोन आकडे उरतात, नातवाचं वय लागतंच आणि उत्तर 'दोन्ही मिळून' होतं. एका आकड्याने पर्याय बदलला.

'ताई भावापेक्षा मोठी आहे का?' अशा हो-नाहीच्या प्रश्नात एवढंच सांभाळ की पक्कं 'नाही' हेही उत्तरच असतं. '५ वर्षांनी ताईचं वय भावाच्या आजच्या वयाएवढं होईल' यावरून ताई लहान ठरते. माहिती पुरेशी. 'नाही' आलं म्हणून 'अपुरी' लिहिणारे दर वर्षी भेटतात.

एका शब्दाने काय होतं ते बघ. दोघी बहिणींच्या वयांचा गुणाकार ३६ आणि बेरीज १३. वयं ९ आणि ४. 'थोरलीचं वय किती?' विचारलं तर दोन्ही मिळून पुरेशी. 'सुनंदाचं वय किती?' विचारलं तर अपुरी, कारण सुनंदा थोरली की धाकटी हे कुठेच आलेलं नाही. तुझ्या डोक्यात सुनंदा आपोआप थोरली झाली असेल तर ती तू घातलेली माहिती, प्रश्नातली नव्हे.

यावरचं एक जुनं कोडं मला फार आवडतं. परीक्षेत ते येणार नाही, तरी सांगतो. जनगणनेला आलेले गुरुजी एका घरी विचारतात, मुलं किती, वयं काय? बाई सांगते, "तीन मुली. वयांचा गुणाकार ७२, आणि बेरीज म्हणजे दारावर लिहिलाय तो घर नंबर." गुरुजी दाराकडे बघतात, वहीत आकडेमोड करतात आणि म्हणतात, "बाई, एवढ्याने भागत नाही." बाई म्हणते, "थांबा, थोरलीला ताप आलाय, तिला बघून येते." गुरुजी म्हणतात, "आता झालं," आणि वयं लिहून पुढच्या घरी जातात.

आपल्याला घर नंबर माहीत नाही. थोरलीच्या तापाचा तर वयाशी संबंधच नाही. तरी वयं निघतात. ७२ चे तीन-तीन गुणक मांड: १, ८, ९ ची बेरीज १८, २, ४, ९ ची १५, ३, ४, ६ ची १३, १, ६, १२ ची १९, असं करत एकूण बारा जोडण्या होतात. ते तुझं तू मांड, पाच मिनिटांचं काम आहे. त्यात एकच बेरीज दोनदा येते, १४: एकदा २, ६, ६ ची आणि एकदा ३, ३, ८ ची. घर नंबर दुसरा कुठलाही असता तर गुरुजींचं काम तिथेच झालं असतं. ते अडले, म्हणजे नंबर १४ होता. 'भागत नाही' हीच आपल्यासाठी माहिती झाली. मग थोरली एकच आहे असं कळल्यावर ३, ३, ८ उरलं. (सहा-सहा वर्षांच्या दोघींतही एक काही मिनिटांनी थोरली असतेच, असा वाद घालणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात निघतो. त्याचं म्हणणं चूक नाही, पण कोड्यात वयं पूर्ण वर्षांत धरलेली आहेत.) हे कोडं मी मुद्दाम देतो, कारण पुरेसं आणि अपुरं या दोन गोष्टींवर ज्याने एकदा असा विचार केला, त्याचा हात समीकरणाकडे लगेच जात नाही.

आता सरासरीचा सापळा. 'चौघांच्या कुटुंबाचं ५ वर्षांपूर्वीचं सरासरी वय किती होतं?' विधान १: चौघांचं आजचं सरासरी वय २५ आहे. विधान २: धाकटा ४ वर्षांचा आहे, बाकी तिघं विशीच्या पुढचे आहेत. २५ वजा ५ म्हणजे २०, विधान १ पुरेसं, असं लिहून मोकळी होऊ नकोस. जो आज ४ वर्षांचा आहे तो ५ वर्षांपूर्वी जन्मलाच नव्हता. चौघांची बेरीज १००, त्यातले त्याचे ४ वजा, उरले ९६. तिघांचे पाच-पाच मिळून १५ गेले, ८१ राहिले. भागिले ३ म्हणजे २७. पाच वर्षांपूर्वी घराचं सरासरी वय आजच्यापेक्षा जास्त होतं! तेव्हा दोन्ही विधानं लागतात. मागच्या काळाबद्दल विचारलं की घरातलं सगळ्यात लहान लेकरू तेव्हा होतं का, हे आधी बघायचं. बाकी परीक्षेतल्या कुटुंबात मधल्या काळात कुणी वारत नाही, सून येत नाही, मुलगी सासरी जात नाही. तसं काही असलं तर प्रश्नात लिहिलेलं असतं. तेवढा विश्वास ठेव.

आणखी एक विश्वास ठेवायचा: एकाच प्रश्नातली दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. आपल्या घरांत पाडतात. समज, तुझी आजी म्हणते, 'बहात्तरना दुस्काळमा तुन्हा बाप रांगे,' आणि त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे १ जून १९७०. आपल्याकडे त्या पिढीतल्या आळीच्या आळीचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजी तीच तारीख टाकायचे. १ जून १९७० खरं धरलं तर बहात्तरच्या दुष्काळात पोरगं दोन वर्षांच्या वर, म्हणजे अंगणभर पळणारं. रांगणारं नव्हे. दोन्ही खरं असू शकत नाही आणि मला विचारशील तर मी आजीवर जास्त विश्वास ठेवीन, फक्त तिच्या विधानावरून वय नेमकं निघत नाही, वर्षभर इकडेतिकडे होतं. परीक्षेत हे होत नसल्यामुळे तुला फुकटची पडताळणी मिळते. विधान १ वरून वय ४२ आलं आणि विधान २ वरून ४५, तर 'दोन्ही स्वतंत्रपणे पुरेशी' असं लिहायच्या आधी थांब. कुठे तरी तुझी वजाबाकी चुकली आहे.

असा प्रश्न सोडवायला बसायची पद्धत सांगतो. विधान १ वाचताना विधान २ वर हात ठेव. संगणकावर हात ठेवता येत नाही, पण डोळे तरी तिथे जाऊ देऊ नकोस. कच्च्या कागदावर '१' लिहून पुढे बरोबर किंवा फुली कर. मग १ मधलं सगळं डोक्यातून काढून २ एकटं वाच. हे सगळ्यात अवघड, कारण पहिल्यातला '२८ वर्षांनी मोठे' चोरपावलांनी दुसऱ्यात शिरतो आणि जे विधान एकटं लंगडं आहे ते पुरेसं वाटू लागतं. दोन्हींवर फुली आली तरच एकत्र करायचं. एक जरी एकटं पुरलं, तर एकत्र करून बघायची गरजच उरत नाही.

पर्याय साधारण पाच असतात: फक्त १, फक्त २, दोन्हींपैकी कोणतंही एक, दोन्ही मिळून, दोन्ही मिळूनही नाही. त्यांचा क्रम परीक्षेनुसार बदलतो, म्हणून 'पाचवा म्हणजे दोन्ही मिळून' असलं पाठांतर धोक्याचं. त्या दिवशीच्या सूचना वाच.

आता सोडून देऊ का, याचं उत्तर. मी सोडणार नाही, आणि याला हिशेब आहे. बँकेच्या परीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापतात; प्रश्न एका गुणाचा धरला तर पाव गुण. पाच पर्यायांत डोळे मिटून तुक्का मारलास तर पाचांत एक बरोबर, चार चूक, हाती शून्य. पण नुसतं विधान १ तपासलंस आणि ते एकटं पुरेसं निघालं, तर दोनच पर्याय उरतात: 'फक्त १' किंवा 'कोणतंही एक'. असे दोन प्रश्न घे, एक बरोबर आणि एक चूक धर, पाऊण गुण हातात. विधान १ अपुरं निघालं तर तीन पर्याय उरतात. तीन प्रश्नांत एक बरोबर, दोन चूक, तरी अर्धा गुण जमाच. म्हणजे अर्धा प्रश्न सोडवूनही फायदा होतो, असा हा प्रकार आहे. फक्त एका प्रश्नावर मिनिटाच्या वर थांबायचं नाही. पुढे यूपीएससीच्या सीसॅटकडे (पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरकडे) वळलीस तर तिथेही हे प्रश्न येतात, पण तिथे चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग जातो. तो हिशेब वेगळा मांडावा लागेल.

सरावाला पुस्तक नवं घेऊ नकोस. तुझ्याकडे वयांची साधी गणितं आहेत ना, तीच घे. प्रत्येकातली एकेक ओळ झाकून स्वतःला विचार, आता वय निघतं का? आणि कुठली ओळ झाकली तरी चालते?

हा एक प्रश्न सोडवून पाठव. बापाचं वय किती? विधान १: बाप आणि लेक दोघांचीही वयं दोन अंकी आहेत आणि बापाच्या वयाचे आकडे उलटे केले की लेकाचं वय मिळतं. विधान २: बाप लेकापेक्षा २७ वर्षांनी मोठा आहे. आधी हा असाच सोडव. मग मूळ प्रश्नात 'बाप पन्नाशीच्या आतला आहे' अशी ओळ घालून पुन्हा बघ आणि दोन्ही वेळचे पर्याय कळव. आकडा मात्र लिहू नकोस.